‘वंशसंहार’ सिद्ध होईपर्यंत थांबायचे का?

प्रश्न : एखाद्या देशात वंशसंहार चालू असल्याच्या बातम्या येतात, तेव्हा इतर सरकारे ‘चौकशी होऊ द्या, न्यायालय काय ते ठरवील’ असे म्हणून गप्प बसतात. वंशसंहार रोखण्याची जबाबदारी त्यांच्यावर कायद्याने आहे की ती केवळ नैतिक अपेक्षा आहे? आणि कायद्याने असेल, तर ती नेमकी केव्हा सुरू होते?

उत्तर : जबाबदारी कायद्याचीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविषयक करार स्वीकारला आणि त्याच्या पहिल्याच कलमात, युद्ध असो वा शांतता, हा गुन्हा रोखण्याचे आणि त्याबद्दल शिक्षा करण्याचे बंधन सहभागी देशांनी पत्करले. त्यामुळे ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ हा बचाव अशा देशांना उरत नाही. अर्थात, या कलमाने कोणालाही दुसऱ्याच्या भूमीवर सैन्य घुसवण्याचा परवाना दिलेला नाही.

अडचण व्याख्येत आहे. नुसती मोठी कत्तल म्हणजे वंशसंहार नव्हे. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि हेतू सिद्ध करायला वर्षे लागतात. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे बोस्नियन सर्ब सैन्याकडून आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातील मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. तो वंशसंहार होता, असा पहिला न्यायनिर्णय २००१ मध्ये आला. निकालानंतरच हालचाल करायची, असे ठरवले तर रोखण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचा खुलासा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २००७ रोजी बोस्नियाने सर्बियाविरुद्ध लावलेल्या दाव्यात केला आहे. वंशसंहाराचा गंभीर धोका आहे हे एखाद्या देशाला कळते किंवा कळायला हवे होते, त्याच क्षणी त्याचे कर्तव्य सुरू होते, असे न्यायालयाने म्हटले. कत्तल थांबलीच पाहिजे अशी हमी कायदा मागत नाही, पण हाती असलेले सर्व उपाय योजले पाहिजेत, असे मात्र मागतो. हे ओझे सर्वांवर सारखे नसते. गुन्हा करणाऱ्यांशी ज्याचे संबंध निकटचे आणि ज्याचा शब्द तिथे चालतो, त्याच्यावर ते अधिक असते. स्रेब्रेनिकात कत्तल करणाऱ्या सैन्याशी सर्बियाचे असेच संबंध होते. म्हणूनच सर्बियाने स्वतः वंशसंहार केला असे न ठरवताही, त्याने तो रोखला नाही म्हणून न्यायालयाने त्याला दोषी धरले. ‘आम्ही प्रयत्न केले असते तरी उपयोग झाला नसता’ ही सबबही न्यायालयाने आधीच बाद करून ठेवली आहे.

या कसोटीवर रवांडा १९९४ तपासून पाहावे. तेथील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारीलाच न्यूयॉर्कला तार करून लपवलेल्या शस्त्रसाठ्यांची आणि तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या हत्येच्या तयारीची माहिती कळवली होती. साठे जप्त करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू होताच दहा बेल्जियन सैनिक मारले गेले. त्यानंतर फ्रान्स आणि बेल्जियमच्या सशस्त्र तुकड्या उतरल्या, त्यांनी परदेशी नागरिकांना बाहेर काढले आणि त्या निघून गेल्या. सैन्य पोहोचू शकत नव्हते, असे म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवण्याऐवजी सुमारे २७० जणांपर्यंत घटवली. (ज्या सरकारच्या आश्रयाने हत्या चालू होत्या, त्याचा प्रतिनिधी त्याच परिषदेत सदस्य म्हणून बसला होता.) १७ मे रोजी ५,५०० सैनिकांना मंजुरी मिळाली, पण कत्तल संपेपर्यंत ते पोहोचले नाहीत. अमेरिकेचे प्रवक्ते या काळात ‘वंशसंहाराची कृत्ये’ घडली, एवढेच बोलायला तयार होते. सरळ ‘वंशसंहार’ म्हटले की पुढे काही करावे लागेल, ही भीती त्यामागे होती. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. माझ्या मते शब्दावरचा हा वाद अज्ञानातून नव्हे, तर टाळाटाळीतून उद्भवला होता.

प्रश्न : पाच बड्या देशांकडे नकाराधिकार असताना दूरच्या, छोट्या देशाने करायचे तरी काय?

उत्तर : सुरक्षा परिषद हा एकच मार्ग नाही. शस्त्रविक्री थांबवणे, निर्वासितांना सीमा खुली ठेवणे, पुरावे जतन करणे, जबाबदार अधिकाऱ्यांची मालमत्ता गोठवणे यांपैकी कशालाही परिषदेची परवानगी लागत नाही. शिवाय करारातील कलम ९ नुसार न्यायालयात जाता येते. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना (तेथील मुस्लिम अल्पसंख्याकांना) म्यानमारमधून बांगलादेशात पळावे लागले, त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये दावा लावला तो पश्चिम आफ्रिकेतील चिमुकल्या गांबियाने. ‘तुमचे यात काय नुकसान झाले?’ हा म्यानमारचा आक्षेप न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला, कारण करार पाळला जाण्यात प्रत्येक सहभागी देशाचे हित असते. त्याआधी, २३ जानेवारी २०२० रोजी, रोहिंग्यांचे संरक्षण करण्याचे आणि पुरावे नष्ट न होऊ देण्याचे अंतरिम आदेश न्यायालयाने एकमताने दिले होते. आदेश अमलात आणायला न्यायालयाकडे पोलीस नाहीत, ही त्याची मर्यादा खरीच. तरीही म्यानमारला ठरावीक मुदतीने न्यायालयापुढे अहवाल द्यावे लागले. हा दावा पुढे रेटणारे गांबियाचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू यांनी पूर्वी रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अभियोक्त्यांच्या कार्यालयात काम केले होते.