वाचक विचारतात : केबलवरचं ठाणं

मागच्या अंकात ठाण्याच्या लोकल केबल चॅनलबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या अशाच एका चॅनलवर मी बातम्यांचं एडिटिंग करायचे, वेळ पडली तर वाचायचेही. तिघांच्या प्रश्नांना या वेळी उत्तर देते.

ताई, लोकल चॅनल म्हणजे दूरदर्शनसारखं केंद्रच होतं का? परवानगी कोण देत असे?
— एक विद्यार्थी, कळवा

केंद्र नव्हतं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीत सुरू झालं. त्याचं प्रक्षेपण हवेतून व्हायचं आणि ठाण्यात आम्ही गच्चीवरचा अँटेना वरळीच्या दिशेला फिरवून ते पकडायचो. लोकल चॅनल हवेत जातच नव्हतं. केबलवाल्याची तार जिथवर, तिथवरच ते दिसायचं.

1991 साली आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून दिसू लागल्या आणि गच्चीगच्चीवर मोठाल्या डिश चढल्या. पुढच्या वर्षी झी टीव्ही आला. केबलवाल्याकडे एखादा चॅनल मोकळा असायचा, त्यावर तो रात्री व्हीसीआरवरून, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या मशीनवरून, सिनेमा लावायचा. त्याच मोकळ्या जागेत गावच्या बातम्या शिरल्या.

कायदा मागाहून आला, 1995 साली. केबलचालकाची नोंदणी 2025च्या सुरुवातीपर्यंत मुख्य टपाल कार्यालयात व्हायची, हे अनेकांना खरं वाटत नाही. काय दाखवायचं, काय नाही याची कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिता लोकल चॅनललाही लागू आहे. 2004पासून निवडणुकीतली राजकीय जाहिरात केबलवर लावण्याआधी प्रमाणित करून घ्यावी लागते. हा नियम फार आधी यायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटायचं. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2022च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा चॅनलना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’, म्हणजे केबलचालकाचं स्वतःचं चॅनल, म्हणून चौकटीत बसवलं: दर चॅनलमागे 1,000 रुपये नोंदणी शुल्क, आणि प्रसारणाचं रेकॉर्डिंग 90 दिवस जपून ठेवायचं. स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालक कंपनी म्हणून नोंदलेला हवा.

मी वर्तकनगरात वाढले. आमच्याकडे लोकल बातम्या नऊ वाजता लागायच्या आणि नौपाड्यात मावशीकडे साडेआठलाच. चॅनल एकच, मग असं का?
— एक वाचक, वाशी

कारण बातम्या स्कूटरवरून यायच्या! शहरात तेव्हा केबलवाले वेगवेगळे होते आणि प्रत्येकाची कंट्रोल रूम वेगळी. एका ठिकाणाहून सगळीकडे चित्र पाठवायची सोय नव्हती.

आमचा दिवस सकाळी महापालिकेपासून सुरू व्हायचा. खांद्यावर घ्यायचा, मोठ्या व्हिडिओ कॅसेटचा व्हीएचएस कॅमेरा, एक कॅमेरामन, माइक धरायला एक मुलगा. लग्नाचं शूटिंग करणारेच बरेचसे कॅमेरामन आमच्याकडे यायचे. लग्नाच्या तिथी आल्या की बातम्यांना माणूस मिळायची मारामार. दुपारी टेप घेऊन मी एडिटिंगला बसायचे. दोन व्हीसीआर समोरासमोर, एकात शूट केलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. डावीकडचा प्ले, उजवीकडचा रेकॉर्ड, पॉज सोडायची वेळ बोटांनी ओळखायची. मधलीच एखादी बातमी काढायची झाली तर तिच्या पुढचं सगळं पुन्हा जोडावं लागे. त्यामुळे पाच वाजता नगरसेवकाचा फोन आला, ‘माझा बाइट टाका’, तरी तो दुसऱ्या दिवशीच लागायचा.

अर्ध्या तासाची मास्टर कॅसेट तयार झाली की तिच्यावरून कॉप्या. व्हीएचएसमध्ये दर कॉपीला चित्र उतरतं: रंग पसरतात, कडा थरथरतात. म्हणून मास्टर कधी बाहेर द्यायची नाही, आणि कॉपीवरून कॉपी करायची नाही, हा माझा नियम होता. मग पोरं स्कूटर काढायची. नौपाड्यातली कंट्रोल रूम जवळ, तिथे कॅसेट आधी पोचायची. वर्तकनगरचा मुलगा तीन हात नाक्याच्या गर्दीतून जायचा, म्हणून तुमच्याकडे नऊ. कळव्याला तर खाडीवरच्या पुलावर काय परिस्थिती आहे त्यावर सगळं अवलंबून.

कंट्रोल रूम म्हणजे एखाद्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. आत उकाडा, मांडणीवर एकाखाली एक रिसीव्हर आणि मॉड्युलेटर. आमची कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की त्याचं चित्र मॉड्युलेटर एका ठरलेल्या चॅनलवर बसवायचा. बाकी चॅनलांबरोबर ते एकत्र होऊन जाड तारेतून बाहेर पडायचं. तार लांबली की सिग्नल मंदावतो, म्हणून वाटेत खांबांवर, गच्च्यांवर अँप्लिफायर. त्यांना वीज तिथलीच. तुमच्या घरात दिवे असूनही टीव्हीवर मुंग्या दिसायच्या त्या यामुळे, मधल्या गल्लीतली वीज गेलेली असायची.

लोक सगळ्यात जास्त काय बघायचे, सांगू? खालची पट्टी. ‘शुक्रवारी सकाळी 9 पासून 24 तास पाणी बंद’, ‘हरवला आहे’, ‘दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, गडकरी रंगायतन’. वरळीहून ठाण्याच्या पाण्याची बातमी कोण देणार होतं? पट्टी चुकली तर बायका थेट ऑफिसात यायच्या, आणि तो हक्क त्यांचाच होता. एवढं जवळचं प्रेक्षकाचं नातं मी पुढे मोठ्या वाहिनीत काम करतानाही पाहिलं नाही.

पुढे मोठे केबलचालक आले, फायबर पडली, छोट्या कंट्रोल रूम त्यांना जोडल्या गेल्या आणि स्कूटरची गरज संपली. मुंबईत 2012च्या अखेरीस आणि मग इतर मोठ्या शहरांत डिजिटल सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मोकळा चॅनल दिसला, लावली कॅसेट, हे दिवस गेले.

वडील एका लोकल चॅनलचे कॅमेरामन होते. घरात खोकाभर कॅसेट आहेत, व्हीएचएस आणि छोट्या डीव्हीही. घर रिडेव्हलपमेंटला जाणार. भंगारात द्याव्यात का?
— एक वाचक, नौपाडा

कृपा करून देऊ नका. हे मी हात जोडून लिहिते आहे.

चॅनलच्या कार्यालयांत जुन्या टेप उरलेल्या नाहीत. कोरी कॅसेट महाग, म्हणून बातम्या लागून गेल्या की तिच्यावरच नवं रेकॉर्डिंग व्हायचं. आजचा नियमही रेकॉर्डिंग 90 दिवसच ठेवायला सांगतो. म्हणजे ठाण्यातल्या सभा, मोर्चे, मासुंदा तलावावरची विसर्जनं, पाडलेल्या चाळी, हे हलत्या चित्रात उरलं असेल तर तुमच्या खोक्यासारख्या खोक्यांतच. छापील कागद जपायला ठाण्यात 1893 सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. टेप जपायला तसं घर शहराने उभं केलं पाहिजे, महापालिकेकडे ही मागणी मी करतच राहणार.

आता कामाचं. खोका ओल आलेल्या भिंतीपासून हलवा, कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. टेप वाचणारं हेड खराब होतं आणि त्याच मशीनमधून बुरशी चांगल्या टेपला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. चांगल्या व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची खिट्टी आधी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही.

उशीर टेपपेक्षा मशीनमुळे परवडणारा नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016च्या जुलैत थांबली. दुरुस्ती करणारे हात आणि सुटे भाग दोन्ही कमी होत चाललेत. डीव्ही कॅसेट आधीच डिजिटल असल्याने कॅमेऱ्याच्या फायरवायरमधून, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायच्या तारेतून, जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण 13 जीबी जागा धरा. व्हीएचएस उतरवताना 720 बाय 576 आकार ठेवा, दुकानदार ‘एचडी करून देतो’ म्हणाला तरी मूळ फाइल मागून घ्या. दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुसऱ्याच घरी ठेवा. इंटरनेटवर चढवण्याआधी चॅनलच्या तेव्हाच्या मालकांशी बोला, चित्रणाचे हक्क त्यांच्याकडे असू शकतात.

आणि वडील असतील तर उतरवताना त्यांना शेजारी बसवा, वही घेऊन. तारीख, जागा, कोण बोलतंय, मागे कुठली इमारत दिसते, सगळं लिहून घ्या. कॅसेटवर बहुतेक नुसतं ‘मोर्चा 2’ असंच लिहिलेलं असेल.