बर्फाजवळ स्वस्तात राहायचं तर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही चौघे मित्र जानेवारीअखेर गुलमर्गला स्कीइंगला जायचं म्हणतोय. वरच्या खोल्या परवडेनात. खाली तंगमर्गला बरंच कमी भाडं सांगतात. खाली राहून रोज वर गेलं तर चालेल काय?
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर: चालेल, पण नुसतं भाडं बघून ठरवू नका. तंगमर्ग ते गुलमर्ग साधारण १३ किलोमीटरचा घाट आहे. बर्फ पडलं की तंगमर्गच्या पुढे फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. श्रीनगरहून केलेली साधी टॅक्सी तिथंच सोडायची आणि पुढं तिथली गाडी करायची. आता हिशेब मांडा. आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत, चालू भाव फोनवर विचारून घ्या. वर खोली ४,००० रुपये आणि खाली १,५०० धरली, तर दोन खोल्यांमागे रोज ५,००० वाचतात. जाऊन-येऊन गाडीला ३,००० गेले की उरले २,०००, म्हणजे माणशी ५००. त्यात दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यात जाणार.

खरी अडचण पुढंच आहे. रात्री भरपूर बर्फ पडलं की दुसरा दिवस स्कीइंगला सोन्यासारखा. पण रस्ता साफ होईपर्यंत खालचा माणूस खालीच अडकलेला असतो, तोवर वरची मंडळी उतारावर पोचलेली असतात.

आमचं मत असं: पहिली रात्र श्रीनगरला किंवा तंगमर्गला स्वस्तात काढा, मधल्या रात्री वर राहा आणि परतीची रात्र पुन्हा खाली. याचा दुसरा फायदा शरीराला होतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, श्रीनगर सोळाशेच्या जवळ आणि गुलमर्ग २,६५० मीटर. एका दिवसात एवढं वर जाऊन लगेच स्कीज बांधल्या तर डोकं दुखणं, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. चौघेही नवशिके असाल तर सुरुवातीचे दिवस गोंडोलाचं (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं) तिकीट काढूच नका. शिकायचे सौम्य उतार गुलमर्गातच खाली आहेत. गोंडोलाचा वरचा, अफरवत डोंगरावरचा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरवर जातो. तो शिकाऊंसाठी नाही, आणि वारा सुटला की बंदही ठेवतात.

अजून एक. इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. चौघांत एकाकडं तरी पोस्टपेड असू दे, नाहीतर लॉजवाल्याला फोन नाही आणि यूपीआयही नाही. रोख पैसे वेगळे ठेवा.

प्रश्न: स्वस्त लॉजवाले फोनवर सगळ्याला "हो, हो" म्हणतात. नेमकं काय विचारावं?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर: "हीटर आहे का?" असं विचारलं तर उत्तर "आहे" असंच येणार. म्हणून विचारा: हीटर कशावर चालतो, रोज किती तास आणि त्याचे पैसे वेगळे किती? बुखारी (लाकडावर पेटणारी, धुराची नळी असलेली शेगडी) असेल तर लाकडं भाड्यात धरलेली आहेत का? विजेचा असेल तर बर्फ पडताना वीज गेल्यावर काय करता? दोन हजार वॉटचा ब्लोअर तासाला दोन युनिट खातो. लॉजचा इन्व्हर्टर तो ओढू शकत नाही आणि जनरेटर रात्रभर कोणी चालवत नाही. जुन्या वायरिंगवर ब्लोअर आणि गीझर एकदम लावले की एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो. त्यापेक्षा विजेचं अंथरूण मिळतं का ते विचारा. त्याला शंभर-दीडशे वॉट पुरतात. झोपायच्या अर्धा तास आधी लावायचं आणि आत शिरल्यावर कमी किंवा बंद करायचं.

पाण्याचंही तसंच. "चोवीस तास गरम पाणी" यावर विश्वास ठेवू नका. पाइप गोठले की गीझर असून नसल्यासारखा. स्वस्त ठिकाणी बादलीनं गरम पाणी देतात ते बरं, निदान मिळतं तरी. किती वाजता आणि किती बादल्या तेवढं पक्कं करा. रात्री नळ किंचित ठिबकत ठेवायला सांगितलं तर बंद करू नका, वाहतं पाणी लवकर गोठत नाही.

खोली मागताना कोपऱ्याची नको म्हणा, तिच्या दोन भिंती बाहेरच्या हवेला लागतात. स्वयंपाकघराच्या वरची मिळाली तर उत्तम, भाडं तेच आणि ऊब फुकट. दक्षिणेकडं खिडकी असली तर दिवसा ऊन आत येतं. हे सगळं ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

प्रश्न: लॉजचा हीटर महाग पडतो म्हणून तिथंच छोटा गॅस हीटर किंवा शेगडी घेऊन खोलीत लावली तर? आम्ही सहाजण एकाच खोलीत राहणार.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: अजिबात नको. आपल्याकडं पावसाळ्यात घमेल्यात निखारे ठेवून कपडे वाळवायची सवय असते, पण आपल्या कौलांतून, दाराखालून हवा खेळत असते. तिकडं थंडीपायी प्रत्येक फट बुजवलेली असते. हवा कमी पडली की कोळसा, लाकूड, गॅस अर्धवट जळतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो, झोपलेल्याला जागही येत नाही. धूर दिसत नाही म्हणून कोळशाची शेगडी सुरक्षित वाटते, तीच जास्त दगा देते.

बुखारी वेगळी, कारण तिचा धूर नळीनं बाहेर जातो. तरी खोली ताब्यात घेताना बघा: नळीचे सांधे घट्ट आहेत का, भिंतीतून जाते तिथं काजळीचे ओघळ आहेत का, पेटवल्यावर धूर खोलीत परततो का? परतत असेल तर नळी तुंबलीय किंवा तिच्या तोंडाशी बर्फ साचलंय. खोली बदलून मागा. बुखारी चांगली असली तरी खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि झोपताना नवीन लाकूड घालू नका.

सहाजणांपैकी दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर "उंचीमुळं असेल" म्हणून पडून राहू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग कारण शोधा. त्रास थांबला नाही तर थेट दवाखाना.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजात आहे, तिला उत्तराखंडात औलीला स्कीइंग शिकायचंय. जोशीमठात राहून रोपवेनं रोज वर जाता येईल का? खर्च कमीत कमी हवा.
(एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर: रोपवे धरून बेत आखू नका. २०२३च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हा तो बंद केला. रस्त्यानं औली पंधराएक किलोमीटर आहे आणि बर्फात शेवटचा टप्पा अडतो. खोली जोशीमठात घेतलीच तर भिंतींचे तडे बघून घ्या. त्या वेळी धोक्याच्या इमारतींवर लाल फुल्या मारल्या होत्या, त्यामुळं अशी खूण दिसली तर पुढं जा.

तुमच्या मुलीसाठी सगळ्यात स्वस्त खोली म्हणजे कोर्सबरोबर मिळणारी. गढवाल मंडल विकास निगम औलीला सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स घेतं. राहणं, जेवण, स्कीज, शिकवणारा हे सगळं एका फीत येतं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर बेरीज नक्की जास्त होते. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था. त्यांचे कोर्स हिवाळ्याआधीच भरतात, तेव्हा दिवाळीपूर्वी चौकशी करा. डॉक्टरचा दाखला लागतो का तेही तेव्हाच विचारा.

जाताना बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन, पुढं हरिद्वार. हरिद्वार-ऋषिकेशहून जोशीमठाच्या गाड्या पहाटे सुटतात आणि अख्खा दिवस घेतात. दुपारी पोचलात तर ती रात्र ऋषिकेशलाच. परतीचं रेल्वे तिकीट कोर्स संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. घाटात दरड किंवा बर्फ आलं तर ते हातचं जातं.

प्रश्न: भाड्यानं घेतलेले स्की बूट रात्री ओले राहतात. हीटरजवळ ठेवले तर?
(एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर: बाहेरचं कवच प्लॅस्टिकचं असतं, शेकलं की वाकतं, मग दुकानदार अनामत रक्कम परत देत नाही. आतलं मऊ अस्तर ओढून बाहेर काढा, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बोळे बदला. सकाळी घालण्यापूर्वी अस्तर थोडा वेळ पांघरुणात घ्या. गार बूट पायात शिरतही नाही.