पेपर वाचायचा म्हणजे आधी भांडण शोधायचं

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला वाचला आणि लगेच उत्तर द्यायचं म्हणून फोन हातात घेतला, पण दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून आज सकाळी निवांत बसून लिहितेय. तू लिहिलंस की ताई, आंबेडकरांचा जातीवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, चार संध्याकाळी वाचला, वीसेक पानांचाच आहे, प्रत्येक अडलेल्या शब्दाचा अर्थ पेन्सिलीने वर लिहिला आणि तरी क्लासमध्ये सरांनी 'यात लेखकाचं म्हणणं काय आहे' असं विचारल्यावर तोंडातून एक वाक्य निघालं नाही. सोबत झेरॉक्सचा फोटो पाठवलास, अख्खं पान हायलायटरने पिवळं आणि वर बारीक अक्षरात शब्दार्थ. तो फोटो बघून पोटात कालवलं गं, कारण लातूरहून पुण्याला एमएला आले तेव्हा माझी झेरॉक्स डिट्टो अशीच दिसायची.

पहिली गोष्ट, तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे होतंय असं तू लिहिलंयस ना, ते डोक्यातून काढून टाक. थोडा भाग तो आहे, नाही कशाला म्हणू, पण इंग्लिश मीडियमची मुलंही याच पेपरवर अडकतात, फक्त त्यांच्या पानावर शब्दार्थ लिहिलेले नसतात म्हणून ते दिसत नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याला दहा-बारा वर्षं धडा वाचायला शिकवलंय. धड्यात जे लिहिलंय ते सगळं खरं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओळीने वाचायचं, खाली शब्दार्थ, मग स्वाध्याय, रिकाम्या जागा भरा. पेपर हा धडा नसतो, पेपर हे भांडण असतं. कुणीतरी आधी काहीतरी म्हणून ठेवलेलं असतं, ते या लेखकाला पटलेलं नसतं किंवा अर्धवट वाटतं, म्हणून तो लिहायला बसतो. गल्लीत भांडण चालू असलं की आपण धावत जाऊन आधी काय विचारतो, कोण कोणाशी भांडतंय आणि कशावरून. पेपर उघडल्यावर पहिले हेच दोन प्रश्न विचारायचे, शब्दार्थ नंतर.

तुझाच पेपर घेऊ. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कला, कोलंबिया युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी तो वाचला, पुढच्या वर्षी इंडियन अँटिक्वेरी या जर्नलमध्ये छापून आला. तेव्हा त्यांचं वय होतं 25, म्हणजे तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा एक विद्यार्थी बोलतोय आणि समोर बसलेले बहुतेक लोक भारत न पाहिलेले. हे एवढं आधी माहीत असलं ना तरी सुरुवातीला पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराचे अवशेष आणि प्रदर्शनं का येतात ते कळतं, तो ऐकणाऱ्यांना आपल्या विषयाकडे घेऊन येतोय. तू त्या पहिल्या पानावरच्या शब्दांवर अख्खी संध्याकाळ घालवलीस! तिथे मुक्काम करायचा नसतो, तिथून पुढे जायचं असतं.

आता शीर्षक बघ. 'कास्ट्स इन इंडिया' या मुख्य नावाखाली तीन शब्द आहेत, जातीची यंत्रणा, उगम आणि विकास. झाला की पेपरचा नकाशा, जात चालते कशी, सुरू कुठून झाली आणि पसरली कशी. तिथून थेट शेवटी जा. हो, शेवटी, यात चोरी काही नाही, ही काही रहस्यकथा नाही. शेवटाजवळ त्यांनी स्वतःच चार मुद्दे मांडून दिलेत: हिंदू लोक अनेक वंशांचे मिश्रण असले तरी त्यांच्यात खोलवर सांस्कृतिक एकता आहे, जात म्हणजे त्या एका मोठ्या एकसंध समाजाचे पाडलेले तुकडे, सुरुवातीला एकच जात होती, आणि अनुकरणातून व बहिष्कारातून बाकीच्या वर्गांच्याही जाती बनत गेल्या. हे चार मुद्दे वहीत मराठीत लिहून काढ आणि मग मधली पानं वाचायला घे. आता प्रत्येक परिच्छेदाला तू विचारू शकतेस, तू या चारपैकी कोणाचं काम करतोयस? ज्याला उत्तर देता येत नाही तो परिच्छेद पहिल्या वाचनात सोडून दे, खुशाल.

मग येतं मुख्य भांडण, आणि इथेच मी तोंडावर आपटले होते. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले केतकर (हो, तेच ज्ञानकोशकार केतकर, त्यांनी त्याआधी अमेरिकेतच जातीवर पुस्तक लिहिलं होतं) अशा जातीवर आधी लिहिलेल्या चौघांच्या व्याख्या आंबेडकर एकामागून एक मांडतात. मी ओळीने वाचत गेले, नेसफिल्डची व्याख्या छान पिवळी केली आणि सेमिनारमध्ये ठासून सांगितलं की आंबेडकरांच्या मते जात म्हणजे बाहेरच्यांबरोबर न जेवणं. वर्ग शांत झाला. आमच्या बाईंनी एवढंच विचारलं, हे कोण म्हणतंय? मला प्रश्नच कळला नाही. खरं तर आंबेडकर तिथे उलट सांगतायत की नेसफिल्डने परिणामालाच कारण समजलंय, जात आधीच बंदिस्त आहे म्हणून बाहेरच्याशी रोटीव्यवहार नाही. मी विरोधकाचं म्हणणं लेखकाच्या तोंडी घातलं होतं. त्या दिवसापासून मी समासात प्रत्येक परिच्छेदापुढे कोण बोलतंय ते लिहायला लागले, लेखकाचा असेल तर 'ले', दुसऱ्याचा असेल तर त्याचं पहिलं अक्षर, आणि लेखक कुणाला खोडत असेल तर फुली. एवढ्या छोट्या सवयीने माझं वाचन जेवढं सुधारलं तेवढं कुठल्याच डिक्शनरीने सुधारलं नाही, म्हणून तुला पुन्हा पुन्हा सांगतेय, हे करच. 'बट', 'हाउएव्हर', 'इट इज सेड दॅट' असले शब्द दिसले की पेन्सिल थांबव, बोलणारा बदलतोय. हे शब्द सोपे असतात म्हणून आपण त्यांच्यावरून घसरत जातो आणि अवघड शब्दांपाशी अडकतो, खरं तर पेपरची दिशा हेच छोटे शब्द बदलतात. आणि केतकरांशी भांडण थोडं वेगळं आहे बघ, त्यांना ते मान देतात, इतरांपेक्षा जवळचे मानतात, फक्त म्हणतात की तुम्ही दिलेली दोन लक्षणं, जातीबाहेर लग्न न करणं आणि जन्मानेच सभासद होणं, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. म्हणजे भांडणातही प्रकार असतात, कुणाला पूर्ण खोडलंय, कुणाचं अर्धं घेतलंय, ते टिपायचं.

शब्दांचं काय करायचं ते सांगते. सगळे शब्द एका मापाने मोजू नकोस. काही शब्द नुसती सजावट असतात, अर्थ नाही कळला तरी वाक्य कळतं, ते सोड. काही शब्द तीनदा-चारदा येतात, ते बघ. आणि दोन-तीन शब्द असे असतात की त्यांच्यावर अख्खा पेपर उभा असतो, ते डिक्शनरीत बघून भागत नाही, त्यांच्यासाठी आपल्या घरातलं उदाहरण शोधावं लागतं. इथे ते शब्द म्हणजे एंडोगॅमी आणि एक्झोगॅमी, अंतर्विवाह आणि बहिर्विवाह. तू हे अर्थ पेन्सिलीने वर लिहिलेसुद्धा आहेत, पण तेवढ्याने काय होणार. आता असं बघ, गावाकडे सोयरीक जुळवताना दोन्हीकडचं देवक एक निघालं तर लग्न मोडतं ना, भाऊबंद ठरतात म्हणून. हा झाला बहिर्विवाह, आपल्या कुळाच्या बाहेरच करायचं. आणि तीच आजी दुसऱ्या जातीतलं स्थळ दारात उभं करत नाही, हा झाला अंतर्विवाह. बाहेर करा, पण या कुंपणाच्या आतच बाहेर. बाबासाहेबांचा मुद्दा हाच की इथला मूळ नियम बाहेर लग्न करण्याचा होता, त्याच्यावर आत करण्याचा नियम बसवला गेला आणि त्यातून जात तयार झाली. हे तुला आधीपासून माहीत होतं गं, फक्त इंग्रजीत ओळखू आलं नाही.

आणि मग सरप्लसचा, म्हणजे जोडीदाराविना उरलेल्या माणसांचा तर्क, तो मात्र हळू वाच, तिथे घाई नको, दोनदा वाच, मोठ्याने वाच. कुंपण घातल्यावर आतल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळायला हवी, नवरा आधी मेला की बाई उरते, बायको आधी मेली की पुरुष उरतो, आणि उरलेलं माणूस बाहेर लग्न करेल तर कुंपण तुटतं. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, आणि उरलेल्या पुरुषासाठी लहान वयाची मुलगी. तीन चालीरीती, आपण शाळेत समाजसुधारकांच्या धड्यात सुट्या सुट्या वाचलेल्या, इथे एका गणितासारख्या जोडल्या जातात. मला पहिल्यांदा हे उलगडलं तेव्हा मी रीडिंग हॉलमधून उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले होते, पुढचं वाचवेना. अशी एखादी जागा प्रत्येक चांगल्या लेखनात असते, बाकी पानं पळत वाचलीस तरी चालेल पण ती जागा चुकू नये.

वाचून झालं की झेरॉक्स उलटी ठेव. पुन्हा वाचायला घेऊ नकोस. कोऱ्या कागदावर न बघता लिही, काय म्हणायचंय, कोणाशी भांडण, पुरावा काय. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं होतं, काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे, साधारण 81 टक्के विरुद्ध 75. पण आठवड्याने विचारल्यावर पारडं फिरलं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना 42. पुन्हा पुन्हा वाचलं की आपल्याला वाटतं येतंय, कारण ओळी ओळखीच्या झालेल्या असतात, येत काही नसतं. तुझ्या चार संध्याकाळी तिथेच गेल्या. आणि हायलायटर महिनाभर कपाटात ठेव, प्लीज.

लिहिताना मराठीत लिही, लाजू नकोस. समजणं मराठीत होऊ दे, मांडणं नंतर इंग्रजीत करता येतं, उलटं होत नाही. समाजशास्त्राचा परिभाषा कोश लायब्ररीत असतो तो काढून ठेव, एका शब्दाला मराठीत काय म्हणतात एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

एआयला सारांश विचारू का असंही विचारलंयस. मी नको म्हणणार नाही, पण आधी स्वतःचा कागद लिही आणि मग ताडून बघ. आधीच सारांश वाचलास तर पेपरात तेवढंच दिसेल.

अजून एक, आठवड्याला पाच रीडिंग असतील तर पाचही असं वाचायचं नसतं, कुणालाच जमत नाही. एक असं खोल वाच, दोनांची सुरुवात आणि शेवट बघून भांडण तेवढं लिहून ठेव, उरलेल्यांवर नजर टाक. कुठलं खोल वाचायचं ते कळत नसेल तर बाकीचे लेखक ज्याचं नाव सारखं घेतात ते. आकडे असलेला पेपर असेल तर आधी टेबलं बघ, स्वतः अंदाज लाव की यातून काय निघतंय, मग लेखक काय म्हणतो ते वाच.

त्या पेपरच्या शेवटी बाबासाहेब काय म्हणतात ते बघितलंस का? माझं मत टिकत नाही असं कुणी दाखवलं तर मी ते सोडून द्यायला तयार आहे, अशा अर्थाचं. म्हणजे त्यांनी तुझ्यासाठीही जागा ठेवलीय. आता तुझं काय म्हणणं आहे, अनुकरणाने जाती पसरल्या हे तुला पुरेसं वाटतं का? मला तिथे अजून शंका आहे, पण माझी शंका मी आत्ता सांगत नाही. रविवारी पाच मिनिटांची व्हॉइस नोट पाठव, कागद न बघता, मराठीत. मग फोनवर बोलू.

तुझी,
ताई