ॲपची खरेदी सामायिक, खाती मात्र ज्याची त्याच्या नावाने

जुळे सोलापूर येथील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत त्यांचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. पत्नी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेतात, मुलगी पुण्यात टेक्स्टाइल डिझाइन शिकते, मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि घरात वाचकांच्या आईही आहेत. एकदा घेतलेले ॲप सर्वांना वापरता यावे म्हणून या पाचही जणांच्या फोन-टॅबवर वाचकांचे एकच गुगल खाते आहे. आजवर ॲपवर २,३६० रुपये खर्च झाले असून गुगल वनच्या, म्हणजे फोटो आणि फायली ठेवण्यासाठी गुगलकडून घेतलेल्या जादा जागेच्या, साठवणुकीसाठी ते वर्षाला १,३०० रुपये भरतात. आता मुलगी म्हणते, प्रत्येकाचे खाते वेगळे करा. वाचकांचा हिशेब असा की चार नवी खाती म्हणजे ॲपचे ९,४४० आणि साठवणुकीचे वर्षाला ५,२०० रुपये. पहिल्याच वर्षी १४,६४० रुपयांचा हा भुर्दंड सोसावा का?

आपला गुणाकार बरोबर आहे, पण त्यामागचे गृहीतक बरोबर नाही. खाती वेगळी केल्यावर सर्व काही पुन्हा विकत घ्यावे लागते, असे नाही. गुगलवर एक फॅमिली ग्रुप करता येतो. त्यात एक व्यवस्थापक आणि आणखी पाच सदस्य घेता येतात, सर्वजण एकाच देशात राहणारे असावे लागतात आणि ग्रुप करण्यासाठी शुल्क पडत नाही. आपले कुटुंब पाच जणांचे असल्यामुळे त्यात सहज मावते. जुन्या सर्व खरेद्या आपल्या खात्यावर असल्याने ते खाते आपल्याकडेच ठेवून आपण व्यवस्थापक व्हावे आणि नवी खाती बाकीच्या चौघांची काढावीत.

आता २,३६० रुपये उलगडून पाहू. आपण दिलेल्या यादीप्रमाणे शब्दकोशाचे ५५० आणि मुलाच्या दोन शैक्षणिक खेळांचे ९९० रुपये ही ॲप विकत घेतानाच भरलेली किंमत आहे. २ जुलै २०१६ नंतर घेतलेली अशी ॲप, बनवणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तर, फॅमिली लायब्ररीत, म्हणजे ग्रुपच्या सामायिक संग्रहात, टाकून सर्वांना वापरता येतात. परवानगी आहे की नाही, हे प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावरच दिसते. उरलेले ८२० रुपये मात्र कागद स्कॅन करण्याच्या ॲपमधील बंद सुविधा उघडण्यासाठी दिलेले आहेत. मूळ ॲप मोफत होते, आतली खरेदी पैशाची होती, आणि ॲपच्या आत केलेली अशी खरेदी गुगलवर कुटुंबात वाटली जात नाही. म्हणजे पुन्हा खर्च करण्याचा प्रश्न फार तर या ८२० रुपयांपुरता आणि तोही केवळ आपल्या पत्नीसाठी उरतो, कारण स्कॅनर वापरणारे आपण दोघेच आहात. अँड्रॉइडवरील गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय मुळातच असल्याने मी तेही ८२० रुपये वाचवेन.

साठवणुकीचे ५,२०० रुपयेही लागणार नाहीत. गुगल वनची जागा कुटुंबात वाटून घेता येते. प्रत्येकाच्या नव्या खात्याला स्वतःचे १५ जीबी मोफत मिळतात, ते भरले की मगच सामायिक जागा वापरली जाते, आणि जागा वाटली म्हणून एकाची छायाचित्रे किंवा कागदपत्रे दुसऱ्याला दिसत नाहीत. आजच्या व्यवस्थेत पाच जणांना मिळून एकच १५ जीबी मोफत मिळत होते. खाती वेगळी केल्यावर घरातील मोफत जागा ७५ जीबी होते. पुढे कदाचित १,३०० रुपयांच्या योजनेचीही गरज पडणार नाही, परंतु तो निर्णय वर्षभराचा वापर पाहून घ्यावा.

खर्चाचा हा भाग सोपा आहे. आपण ज्याला बचत म्हणता, तिची जी किंमत घर आजही मोजत आहे, तिच्याविषयी मला अधिक काळजी वाटते. आपण लिहिता की मुलाने टॅबमधील जागा मोकळी करण्यासाठी दोनशे फोटो पुसले आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यासमोर फोन उघडला, तर टॉवेलच्या नव्या नमुन्यांचे फोटो गायब होते. खाते एकच असल्यामुळे गुगल फोटोजमध्ये एका ठिकाणी पुसलेले सर्व ठिकाणी पुसले गेले. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, हे मुलीला ठाऊक होते म्हणून ते परत आले. ते आले नसते तर एका ऑर्डरचे नुकसान किती झाले असते, हे आपणच मनाशी मोजावे. ज्या खात्यावर बँकेचे ईमेल येतात आणि क्रोममध्ये पासवर्ड साठलेले असतात, ते खाते अकरा वर्षांच्या मुलाच्या टॅबवर उघडे असणे मला अजिबात मान्य नाही. सोलापुरात अनेक घरांत कारखान्याचा आणि घरखर्चाचा पैसा एकाच चालू खात्यातून फिरतो आणि वर्षअखेरीस कोणाचे किती, हे कोणालाच सांगता येत नाही. हा गोंधळ त्याच जातीचा आहे.

आपल्या पत्नीच्या बाबतीत तर खाते वेगळे करणे हाच आर्थिक निर्णय आहे. त्यांच्या बिलाच्या ॲपचे वर्गणीचे १,२०० रुपये आज आपल्या खात्यातून जातात आणि पावती आपल्या ईमेलवर येते, त्यामुळे त्यांच्या व्यवसायाचा खर्च त्यांच्या हिशेबात दिसतच नाही. ही वर्गणी फॅमिली लायब्ररीतून वाटता येणार नाही आणि वाटूही नये. चालू मुदत संपेपर्यंत ती वापरावी, त्याआधी ग्राहकांची यादी आणि बिले ॲपमधून बाहेर काढून ठेवावीत, प्ले स्टोअरमधून नूतनीकरण रद्द करावे आणि नवी वर्गणी त्यांच्या खात्यावर, त्यांच्या बँक खात्यातून सुरू करावी. केवळ ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ही चूक फार जण करतात. १,२०० रुपये आधीही जात होते आणि पुढेही जातील. फरक इतकाच पडेल की त्यांचा नफा त्यांच्या नावाने नीट मांडता येईल.

मुलगी वापरलेला आयपॅड आणि त्यावर चित्रकलेचे ॲप घेणार आहे. गुगलवरची खरेदी ॲपलवर चालत नाही, म्हणून ते नव्याने घ्यावे लागेलच. ॲपलच्या उपकरणात आयक्लाउडसाठी (ॲपलच्या ऑनलाइन साठवणुकीसाठी) एक आणि ॲपच्या खरेदीसाठी दुसरे खाते ठेवता येते, आणि कोणा नातेवाइकाच्या ॲपल खात्यावरून ॲप घेण्याचा मोह त्यामुळेच होतो. तो टाळावा. खरेदी ज्याच्या खात्यावरून झाली, त्याच्याच नावे ती कायम राहते, आणि फॅमिली शेअरिंगमधून, म्हणजे ॲपलच्या कुटुंब-गटातून, बाहेर पडलेल्या सदस्याला दुसऱ्यांनी वाटलेली ॲप वापरता येत नाहीत. ॲपलने २०२५ मध्ये एका खात्यावरील खरेदी दुसऱ्या खात्यावर हलवण्याची सोय आणली, पण ती जाहीर झाली तेव्हा भारत त्यातून वगळलेला होता. ज्या साधनावर मुलगी उद्या कमावणार आहे, ते पैसे आपण दिले तरी तिच्याच खात्यावर घेतलेले असावे.

मुलाचे खाते फॅमिली लिंकमधून, म्हणजे मुलांच्या खात्यावर पालकांना देखरेख ठेवता येणाऱ्या गुगलच्या सोयीतून, खऱ्या जन्मतारखेनेच काढावे. मागील दिवाळीत त्याने रात्री खेळातील नाण्यांवर १,४९९ रुपये घालवले, ते आपलेच खाते टॅबवर असल्यामुळे; त्या व्यवस्थेत ‘पालकांची मंजुरी’ ही पायरी येतच नाही. स्वतंत्र खात्यावर प्रत्येक खरेदीची विनंती व्यवस्थापकाकडे येते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: ही मंजुरी गुगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीपुरतीच आहे, त्यामुळे टॅबवर यूपीआय ॲप ठेवू नये. कुटुंबासाठी सामायिक देयकपद्धत नेमली, तर तिच्यावरून झालेल्या प्रत्येक खरेदीचे पैसे आपणच द्याल; म्हणून ती नेमूच नये असे माझे मत आहे. मुलाला खेळासाठी काही द्यायचेच असेल, तर गुगल प्लेचे ठरावीक रकमेचे गिफ्ट कार्ड द्यावे. ते संपले की खर्च थांबतो.

स्वयंचलित वजावटीबाबत रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश येतो, पण साधारण वर्गणीसाठी १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. १,३०० आणि १,२०० रुपयांच्या रकमा त्यामुळे निमूट निघून जातात. यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत आज काय काय चालू आहे, ते दोघांनी एकत्र बसून एकदा पाहावे.

ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचे, हे मात्र नीट ठरवावे, कारण एका ग्रुपमधून दुसऱ्यात जाण्याची मुभा बारा महिन्यांतून एकदाच मिळते. मुलीचे लग्न किंवा नोकरी जवळ आली, तरी आज तिला वगळण्याचे कारण नाही. आईंचे खाते काढताना त्यांचा स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा आणि खाते परत मिळवण्यासाठी आपला क्रमांक जोडावा.

आपल्या साठवणुकीचे नूतनीकरण जानेवारीत आहे, आणि त्याच सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे पत्नीच्या ऑर्डरी वाढतात. त्या दिवसांत त्यांच्या फोनला हात लावू नये. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आधी त्यांच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या खात्यावर पूर्ण झाल्याचे पाहावे, आठ दिवस दोन्ही खाती फोनवर राहू द्यावीत, आणि एकही ऑर्डर हरवलेली नाही अशी खात्री पटल्यावरच आपले खाते त्यांच्या फोनवरून काढावे.