पथ्य तोंडपाठ, तरी गोळ्या बंद

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या असून १२ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. पथ्याची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ आहे. शेजारणींनाही त्याच सांगतात. तरीही साखर जरा खाली आली की त्या गोळ्या बंद करून जांभळाच्या बियांची पूड सुरू करतात. गोळ्यांनी किडनी जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. आता डॉक्टरांनी इन्शुलिन सुचवल्यावर, ‘ते सुरू झाले की माणूस संपला’, असे म्हणून त्या दवाखान्यात यायलाही तयार नाहीत. त्यांना कसे समजवावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : सासूबाईंना माहिती कमी नाही, हे आपणच लिहिले आहे, तेव्हा त्यांच्यापुढे आणखी माहितीपत्रके ठेवून फारसा उपयोग होणार नाही. वर्षानुवर्षे औषध घेणारा माणूस मनाशी दोन गोष्टी तोलत असतो : या औषधाची मला खरोखर गरज आहे का, आणि त्याने मला अपाय तर होणार नाही ना. साखर वाढली तरी बहुधा काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे गरज जाणवत नाही. अपायाची भीती मात्र रोज गोळी हातात घेतली की जागी होते. म्हणून आधी त्यांना ही भीती कुठून आली ते विचारावे आणि मधे न बोलता ऐकून घ्यावे.

बहुतेक वेळा अशा समजुतीमागे डोळ्यांनी पाहिलेली एखादी खरी घटना असते, फक्त तिच्यातले कारण आणि परिणाम उलटे लावलेले असतात. किडनीचेच पाहा. मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी शरीरातून किडनीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे किडनीचे काम मंदावले की डॉक्टर तिचा डोस कमी करतात किंवा ती बंद करतात. नातेवाइकांना दिसते ते एवढेच, की किडनी बिघडली आणि गोळी थांबवली. मग गोळीनेच घात केला असे ठरते. प्रत्यक्षात किडनी खराब होते ती अनेक वर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. (साखरेच्या गोळीला बिचकणारी माणसे गुडघा दुखला की मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून बिनदिक्कत घेतात, आणि किडनीला खरा धोका त्यांतल्या अनेक गोळ्यांचाच असतो. सासूबाईंच्या डब्यात त्या आहेत का, तेही पाहावे.)

इन्शुलिनचेही तसेच आहे. ओळखीत कुणाला इन्शुलिन सुरू झाले आणि पुढे वर्षभरात पाय कापावा लागला, असे त्यांनी पाहिले असेल. परंतु आपल्याकडे इन्शुलिन पुष्कळदा इतके लांबणीवर टाकले जाते की ते सुरू होईपर्यंत नसा आणि रक्तवाहिन्या बिघडून गेलेल्या असतात. यात दवाखान्यांचाही दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पथ्य पाळले नाहीत तर इन्शुलिन द्यावे लागेल’, ही धमकी वर्षानुवर्षे ऐकलेल्या रुग्णाला ते औषध शिक्षाच वाटणार. वस्तुतः टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले, तेव्हा तो मरणपंथाला लागला होता. त्यानंतर तो आणखी १३ वर्षे जगला.

इन्शुलिन एकदा लागले की सुटत नाही, हेही सरसकट खरे नाही. गरोदरपणातील मधुमेहात ते देतात आणि बाळंतपणानंतर बहुधा बंद करतात. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा मोठ्या जंतुसंसर्गात अनेकांना ते तात्पुरतेच लागते. सासूबाईंना कदाचित ते कायम लागेल, पण त्याचे कारण सवय नव्हे. टाइप २ मधुमेहात, म्हणजे मोठ्या वयात सहसा होणाऱ्या मधुमेहात, स्वादुपिंडाची इन्शुलिन तयार करण्याची क्षमता वर्षांगणिक घटत जाते, हे ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे १२ वर्षांनी इन्शुलिन लागणे हा त्यांच्या पथ्यपाण्याचा पराभव नव्हे, आणि हे वाक्य त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकणे फार गरजेचे आहे.

जांभळाच्या पुडीवरून वाद घालू नये. ती घेत असल्याचे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, गोळ्या चालू ठेवाव्यात, आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी ही तपासणी करावी. उपाशीपोटीची साखर दोन दिवसांच्या कडक पथ्यानेही चांगली येऊ शकते. एचबीए१सी मात्र साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. चतुर्थी-एकादशीला त्या गोळी टाळून साबुदाण्याची खिचडी खात असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे; उपवासाच्या दिवसाचे वेळापत्रक वेगळे बसवून मिळते.

प्रश्न : माझे वडील डोके दुखले तरच रक्तदाबाची गोळी घेतात. हे चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतीच जाणीव करून देत नाही, त्यामुळे डोकेदुखीवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घरी आणावे. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसल्यावर, वडिलांनी स्वतःच मोजून आकडा वहीत लिहावा आणि त्या वेळी डोके दुखत होते का, हेही शेजारी नोंदवावे. आठवड्याभराची वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी. तोवर गोळी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावी आणि आकडा चांगला दिसला तरी ती स्वतःहून थांबवू नये.