दोन वाक्यांचं काम मिळालंय तर

अगं, मालिकेत शेजारणीचं काम मिळालं म्हणून तोंड काय पाडतेस? मी पहिली तीन वर्षं नुसती शेजारीण, नर्स आणि मयतावर रडणारी मावशी केली. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला मोठी भूमिका केलीस, छानच. पण तिथे शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा आवाज कॅमेऱ्यापुढे भांडल्यासारखा वाटतो. निम्म्यावर आण.

आणि हातांना काम दे. मला एकदा एकच वाक्य होतं, "ताई, नळाचं पाणी गेलं." मी कडक भाकरी मोडत मोडत ते म्हटलं. दिग्दर्शकाला इतकं आवडलं की तो जवळचा शॉटही घेतो म्हणाला. आता आली पंचाईत! दोन्ही शॉट जुळायला हवेत ना! भाकरी कोणत्या शब्दाला मोडली होती, तेच आठवेना. सहा भाकऱ्या गेल्या, सेटवर चहापाणी बघणारा स्पॉटदादा तोंड फिरवून हसत होता. तू लक्षात ठेव.

आपलं सोलापुरी "काय करायलालीस" लपवू नकोस. गावाकडची बाई म्हटलं की काहींना कोल्हापुरीच हवी असते. एकदा बोलून दाखव, नाही पटलं तर सोडून दे.

दिवसाचे पैसे आणि प्रवासखर्च आधीच विचार. चेक बऱ्याचदा 90 दिवसांनी येतो. माझे एका निर्मात्याकडचे दोन दिवस बुडाले ते बुडालेच. तोवर शिकवण्या सोडू नकोस. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघशील तेव्हा पिशवीत एक इरकल टाक, छोट्या कामाला साडी बहुतेक आपलीच लागते.