घाट राखणारेच बंडात का उतरले? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांच्यावर अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं. देवगावचा जन्म, सह्याद्रीतलं बंड, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी, एवढंच त्यात मावलं. त्यावर बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले काही खानदेशातल्या भिल्लांच्या बंडांबद्दलचे आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच घेतोय.

प्रश्न : राघोजींचे वडील रामजी भांगरे सरकारी पोलिसात जमादार होते असं ऐकलं. सरकारचा पगार घेणारा माणूस सरकारविरुद्धच कसा उठला? (वाचक, अकोले)

हा प्रश्न एकट्या रामजींचा नाहीये. उमाजी नाईकांना इंग्रजांनी मधल्या काळात माफी देऊन पोलिसी काम दिलं होतं, सातपुड्यातले खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या बंदोबस्तावर होते, नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक नगरच्या पोलिसात होते. म्हणजे एकामागून एक बघितलं तर डोंगरातली मोठी नावं आधी सरकारी नोकरीतच दिसतात, आणि मला वाटतं या सगळ्या बंडांचं कुलूप इथेच उघडतं.

१८१८ च्या आधी डोंगरातल्या माणसाचं पोट नुसत्या शेतीवर नव्हतंच. वरकस जमिनीत नाचणी-वरई किती पिकणार? महादेव कोळ्यांना किल्ल्यांवर शिबंदीत, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांत काम होतं, किल्ल्याच्या मेटांवर, म्हणजे वाटेवरच्या चौक्यांवर पहारा होता, घाटवाटा राखायच्या होत्या, आणि त्याचा मोबदला पगारात, धान्यात, इनाम जमिनीत, गावच्या हक्कात मिळायचा. नाईक म्हणजे नुसता म्होरक्या नव्हे, आपल्या टापूत चोरी झाली तर भरून द्यायची जबाबदारी त्याची, आणि त्या जबाबदारीबरोबर मान पण त्याचा. मग कंपनी आली आणि तिला किल्ले नकोच होते, उलट ते पुन्हा कुणाच्या हाती पडू नयेत याची भीती होती. त्यामुळे शिबंदी कमी केली, कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. (अलंग-कुलंगचा ट्रेक करताना जिथे दोर लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही तिथे एकदा थांबून विचार करा की ही वाट कुणाच्या रोजच्या पायाखालची होती.) एका बाजूला पगार गेला आणि दुसऱ्या बाजूला सारा रोखीत मागायला लागले. रोख पैसा डोंगरात होता कुणाकडे? सावकाराकडे. आणि सावकाराच्या मागे आता कोर्टाचा हुकूमनामा उभा.

मग १८२८-३० च्या सुमारास रामजी भांगरे, गोविंदराव खाडे, रामा किरवा ही मंडळी उठली. म्हणजे बघा, कंपनीने आधी यांचा पिढीजात हक्क काढून घेतला, मग त्यातलाच तुकडा नोकरी म्हणून परत दिला, आणि नंतर त्यातही काटछाट. हक्क म्हणून जे मिळत होतं ते आता साहेबाच्या मर्जीवर आलं, आज आहे उद्या नाही. एखाद्या माणसाच्या घरात त्यालाच भाडेकरू करून ठेवावं असा तो प्रकार होता. रामा किरवाला पकडून फाशी दिलं, कॅप्टन मॅकिंटॉशने बंड मोडलं, हाच मॅकिंटॉश उमाजींच्या पण मागावर होता आणि उमाजींना १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यात फाशी झाली. पण ज्या कारणाने लोक उठले होते ते कारण तसंच राहिलं, म्हणून १८४४ पासून राघोजी आणि त्यांचे भाऊ बापू यांच्या मागे माणसं परत गोळा झाली. बापू १८४५ मध्ये सापडले, राघोजी जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात, गोसाव्याच्या वेशात होते तिथे, लेफ्टनंट गेलच्या माणसांनी पकडलं. फाशीऐवजी तलवारीने किंवा गोळीने मारा असं त्यांनी मागितलं होतं म्हणतात. ऐकलं नाही कुणी.

प्रश्न : म्हणजे पेशवाईत डोंगरातल्या लोकांचं चांगलं चाललं होतं असं म्हणायचं का? (वाचक, चाळीसगाव)

नाही, अजिबात नाही, आणि हे स्पष्ट लिहायलाच पाहिजे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस पडली, जागल्याचं काम करणाऱ्या भिल्लांना द्यायला गावाकडे दाणाच उरला नाही आणि ते डोंगरात शिरून लूट करायला लागले. त्यावर पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावला भिल्लांना बोलावून घेतलं, घेरलं आणि मारून विहिरींत टाकलं. त्यानंतरही ठिकठिकाणी अशाच कत्तली झाल्या. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज खानदेशात पोलिटिकल एजंट म्हणून आला तेव्हा डोंगर पेटलेलाच होता, तो इंग्रजांनी पेटवला नव्हता. जुन्या व्यवस्थेत हक्क होते हे खरं, आणि त्या व्यवस्थेचे शेवटचे कारभारी अत्यंत क्रूर होते हे पण तितकंच खरं, आपल्या सोयीचं एकच घ्यायचं असं करू नये.

इंग्रजांनी सुरुवातीला काय केलं तर तेच, फौज पाठवली, घाटाखालून वर जाणारं धान्य अडवलं, म्होरक्यांना पकडून फाशी दिलं, चिल नाईक त्यातलाच. पण सातपुड्यातल्या तापाने शिपायांना लोळवलं आणि एक म्होरक्या गेला की दुसरा उभा राहायचा. शेवटी १८२५ मध्ये धोरण फिरवलं. भिल्ल एजन्सी काढल्या, शेतीसाठी तगाई (सरकारी कर्ज) आणि बैल द्यायला लागले, आणि धरणगावला जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, भिल्ल कोअर. हा औट्रम भिल्लांबरोबर राहायचा, वाघाच्या शिकारीला जायचा आणि त्यातून त्याने माणसं मिळवली. खानदेश बराच शांत झाला त्याने. पण ही शांतता उभी होती कशावर तर पुन्हा पगारावर आणि साहेबाच्या शब्दावरच.

प्रश्न : खाज्या नाईकांबद्दल आमच्याकडे खूप बोललं जातं पण नेमकं काय घडलं ते नीट सांगाल का? (वाचक, शिरपूर)

शिरपूरहून पळासनेर मागे टाकलं की बिजासन घाट लागतो, वर सेंधवा. आज तिथे ट्रकांच्या रांगा असतात, तेव्हाही हाच मुंबई-आग्रा रस्ता होता आणि माळव्यातली अफू, कापूस, सरकारी टपाल, खजिना सगळं इथूनच खाली यायचं. या घाटाची राखण आधी खाज्यांचे वडील गुमान नाईक यांच्याकडे, मग खाज्यांकडे. वीसेक वर्षं त्यांनी हे काम केलं. मग एका संशयिताचा त्यांच्या हातून मृत्यू झाला, म्हणून नोकरी गेली आणि दहा वर्षांची शिक्षा लागली, त्यातून १८५६ च्या आसपास मुदतीआधी सुटले आणि १८५७ ला उत्तरेत गडबड सुरू झाल्यावर सरकारनेच त्यांना परत घाटावर नेमलं, कारण घाट दुसऱ्या कुणाला सांभाळताच येत नव्हता!

पण खाज्या नाईक आता आधीचे राहिले नव्हते. दुसरे भिल्ल म्होरके भीमा नाईक आणि ते एकत्र आले, भिल्लांबरोबर मकराणी (बलुचिस्तानकडचे भाडोत्री सैनिक) आणि इकडूनतिकडून आलेले शिपाई जमले, आणि नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून मुंबईला चाललेला सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना त्यांनी घाटात लुटला. तारायंत्राच्या तारा तोडल्या, टपाल बंद पाडलं. उत्तरेत लढणाऱ्या इंग्रजांना मुंबईशी जोडणारा रस्ताच हातचा गेला, म्हणून याचं महत्त्व नुसत्या रकमेत मोजू नका.

११ एप्रिल १८५८ ला बडवानीच्या मुलखात आंबापाणीला मोठी लढाई झाली, मेजर इव्हान्सच्या फौजेशी. तीरकामठा, तलवारी आणि तोड्याच्या बंदुका घेऊन ही माणसं कवायती पलटणीपुढे दिवसभर टिकली, इंग्रजांचे अधिकारी सुद्धा जखमी झाले. खाज्यांचा मुलगा पोलादसिंग तिथेच पडला. हाती लागलेल्या कित्येक जणांना तिथल्या तिथे कोर्टमार्शल करून गोळ्या घातल्या आणि बायकांना कैद करून नेलं, म्हणजे पुरुष आपोआप शरण येतील असा हिशोब. या लढाईचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कधी ठळकपणे दिसलं नाही आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे झाशी-कानपूरला नाही तर धुळ्यापासून एका दिवसाच्या अंतरावर घडलंय. खाज्या नाईकांना १८६० मध्ये दगाबाजीने मारलं, त्यांच्याच गोटात शिरलेल्या माणसाने. भीमा नाईक आणखी काही वर्षं हुलकावणी देत राहिले, नंतर पकडले गेले आणि अंदमानला काळ्या पाण्यावर पाठवले गेले, ते तिथेच वारले.

आणि तुमच्याच पत्रात दुसरा प्रश्न होता की तंट्या भिल्ल यांच्याबरोबरचे का, तर नाही. तंट्यांचा काळ नंतरचा, निमाडात १८७८ ते १८८९, फाशी जबलपूरला डिसेंबर १८८९ मध्ये.

प्रश्न : राग मानू नका, पण हे लोक लूट करायचेच ना? मग त्यांना स्वातंत्र्यसैनिक का म्हणायचं? (वाचक, पुणे)

राग कशाला, प्रश्न रास्तच आहे. लूट करायचे, हो. सावकारांना मारहाण, नाक कापणं हे सुद्धा झालंय आणि ते गोड करून सांगण्यात काही अर्थ नाही, ज्याचं नाक गेलं तोही माणूसच होता. वाटेवरच्या गरीब गावांनाही त्रास झाला, बंडखोरांकडून झाला आणि त्यांना शोधायला आलेल्या पोलिसांकडून त्याहून जास्त झाला. राघोजींचा ठावठिकाणा काढायला त्यांच्या आईचे हाल केले असं अजून लोक सांगतात.

पण कुणाला लुटलं ते बघा ना. सरकारी खजिना, कचेरी, आणि सावकाराच्या वह्या-खतं. कर्जरोखा जाळणारा माणूस नुसता पैशासाठी आलेला नसतो, त्याला ती सगळी कर्जाची साखळीच तोडायची असते. शिवाय आपल्याला जी माहिती मिळते ती बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या रिपोर्टातून आणि त्यावरून १८८० च्या आसपास छापलेल्या खानदेश, नाशिक, नगरच्या गॅझेटियरमधून, आणि ते लिहिणारे कोण तर ज्यांनी फाशी दिली त्यांचीच कचेरी. गंमत अशी नाही, गंभीर गोष्ट अशी आहे की त्या कागदांत सुद्धा शिबंदीची कपात, सावकाराचा जाच, गेलेले हक्क ही कारणं स्वच्छ नोंदलेली आहेत. म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी दोर वापरला. सगळ्यांच्या डोक्यात आजच्या अर्थाचं राष्ट्र होतं असं मी म्हणणार नाही, पण आपल्या डोंगरावर बाहेरच्याचा हुकूम चालू द्यायचा नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं आणि त्यासाठी ते मेले. एवढं मला पुरेसं वाटतं, तुम्हाला कमी वाटत असेल तर जरूर लिहा.

प्रश्न : मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. भारतात डोंगराळ भागात अशी बंडं अजून कुठे झाली? (वाचक, न्यू जर्सी)

तीन पुरेत. १८५५ चा संथाळांचा हूल, सिदो आणि कान्हू, कारण जमीनदार, महाजन आणि पोलीस. १८७९ चं गोदावरी खोऱ्यातलं रंपाचं बंड, तिथे ताडीवरचा कर आणि मनसबदाराची (तिथल्या जमीनदाराची) जुलूमशाही, त्याच भागात पुढे १९२२-२४ मध्ये अल्लुरी सीताराम राजू. आणि मणिपूरच्या डोंगरातलं कुकी लोकांचं १९१७-१९ चं युद्ध, पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सला मजूर पाठवा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. मुलीला नकाशावर ही ठिकाणं आणि सातपुडा-सह्याद्री एकत्र दाखवायला सांगा, छान होईल.

प्रश्न : भागोजी नाईकांच्या वेळी कोळी लोक इंग्रजांच्या बाजूने लढले हे खरं का? (वाचक, सिन्नर)

काही जण लढले, हो. भागोजी नाईक नगरच्या पोलिसात होते, १८५५ मध्ये त्यांना शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला आणि ते गाव सोडून माणसं घेऊन डोंगरात बसले, पुणे-नाशिक रस्त्याच्या अगदी वर. ४ ऑक्टोबर १८५७ ला पोलीस सुपरिंटेंडंट हेन्री त्यांना पकडायला नांदूर शिंगोट्याला गेला आणि गोळी लागून मेला. ती बातमी पसरल्यावर भिल्ल सगळीकडून येऊन मिळाले. तेव्हा इंग्रजांना धाक पडला की कोळी पण उठले तर सगळा सह्याद्री जाईल, म्हणून कॅप्टन नटॉलने घाईघाईने कोळी कोअर उभी केली. त्यात जुन्या बंडखोरांचे भाऊबंद सुद्धा होते. त्यांना दोष देण्याआधी एवढं बघा की वीस-तीस वर्षं पगार नाही, किल्ला नाही, हक्क नाही, आणि अचानक कुणीतरी पुन्हा हत्यार आणि पगार देतंय. भागोजी नोव्हेंबर १८५९ मध्ये तुमच्याच तालुक्यात मिठसागऱ्याला फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना पडले.

आणि कोळी कोअरचं काय झालं? काम संपलं, १८६१ मध्ये मोडली. थोड्या जणांना पोलिसात घेतलं, बाकीच्यांना घरी पाठवलं, त्याच वरकस जमिनीवर आणि त्याच सावकाराकडे. पुढे १८७० च्या दशकात जांभोरीचे होनाजी केंगले सावकारांविरुद्ध उठले तेव्हा त्यांना साथ द्यायला त्या डोंगरात माणसं तयारच होती, आणि सरकारला पुन्हा बक्षीस लावून, पुन्हा फौज लावून १८७६ पर्यंत त्यांच्या मागे फिरावं लागलं.